मागायचा पूल

पूल मंजूर झाल्याची बातमी घरात पोहोचली आणि कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरली.

बाहेर मात्र बँड वाजत होता. नदीच्या पलीकडच्या काठावरून माणसं लोटली होती आणि फाटकापाशी उभी राहून 'आमदारबाई, आमदारबाई' असा गजर करत होती. ही सगळी माणसं आबांच्याच लाँचमधून, आबांच्याच खिडकीवर तिकीट काढून आली होती. म्हणजे लाँचच्या धंद्याची अखेर साजरी करायला निघालेल्या लोकांनी जाता जाता त्याच धंद्याचा गल्ला भरला होता. दादाने बातमी ऐकून डोक्याला हात लावला होता खरा, पण धक्क्यावरची रांग बघून जादा फेऱ्याही सोडल्या होत्या. दुःख आपल्या जागी, धंदा आपल्या जागी.

आमदारबाईला, म्हणजे आबांच्या धाकटीला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. राजधानीहून पहाटेची गाडी पकडून ती आली होती, गर्दी चुकवून मागच्या दाराने घरात शिरली होती, आणि शाबासकी कशी घ्यायची याची मनात तालीम करत जिना चढत होती. फार आनंद दाखवायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. 'माझं काय त्यात' म्हणायचं आणि खाली बघायचं.

दिवाणखान्यात सगळे बसले होते. आबा बाल्कनीच्या दाराशेजारी आरामखुर्चीत होते. दादा येरझारा घालत होता. मधला भाऊ सोफ्यावर पसरून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. आई कोपऱ्यात लोकरीचा गुंता सोडवत होती. या घरात कुणी चिडलं की ती गुंता काढायला बसायची, त्यामुळे घरातली सगळी लोकर कायम व्यवस्थित असायची.

"या, आमदार वन्सं," वहिनी म्हणाली. "घर बुडवून आलात. आता आधी चहा घेणार की आधी बँडवाल्यांना भेटणार?"

धाकटीने तालीम केलेलं वाक्य गिळलं. "काय झालं?"

"काय झालं!" दादा थांबला. "ऐकलंत आबा? पूल करून आली आणि विचारते, काय झालं!"

आता हे आमदारकीचं लोढणं धाकटीच्या गळ्यात कसं पडलं, ते एकदा सांगितलेलं बरं. कारण ते तिने मागितलं नव्हतं. आबा किती निवडणुका जिंकले, हे घरात कुणी मोजत नव्हतं. बाहेर मोजायला माणसं ठेवलेली होती. आबांच्या हृदयाने दगा दिला आणि डॉक्टरांनी सभा बंद केल्या, तेव्हा दादा आणि मधला दोघंही तिकिटासाठी असे हातघाईवर आले की जेवताना त्यांच्यामध्ये आईला बसावं लागायचं. दादाला दिलं तर मधला बंड करणार, मधल्याला दिलं तर दादा लाँच बंद ठेवून अख्खा काठ वेठीला धरणार. शेवटी आबांनी तोडगा काढला. धाकटी दातांची डॉक्टर होती, कुणाच्या अध्यात नव्हती, मध्यात नव्हती. "एक खेप ती करील," आबा म्हणाले. "जागा गरम राहील. तोवर तुम्ही दोघं शहाणे व्हा." म्हणजे रेल्वेच्या डब्यात जागा धरायला रुमाल टाकतात, तसा आबांनी मुलीला सभागृहात टाकला होता.

रुमाल निवडून आला, तोही घसघशीत मतांनी. मग पहिले महिने जे सगळ्या नव्या आमदारांचे जातात ते तिचेही गेले. तिने एका नळाचं उद्‌घाटन केलं. पाणी न आल्यामुळे पुढच्या महिन्यात त्याच नळाचं पुन्हा केलं. दोन्ही वेळा भाषण तेच होतं, टाळ्या मात्र दुसऱ्या वेळी जास्त पडल्या, कारण लोकांना कुठे थांबायचं ते ठाऊक झालं होतं. बदल्या, दाखले, शाळाप्रवेश आणि सासूशी न पटणं, ही सगळी गाऱ्हाणी तिने ऐकून घेतली. सभागृहात तिला अगदी मागच्या बाकावर, खांबामागे जागा मिळाली. तिथून सभापती दिसत नसत आणि सभापतींना ती दिसत नसे, त्यामुळे कामकाज सुरळीत चालायचं. ज्येष्ठ सदस्य तिला उपाहारगृहात गाठायचे, आपुलकीने खांद्यावर हात ठेवायचे, इकडेतिकडे बघायचे आणि जबडा उघडून म्हणायचे, "ही बघा जरा, मागची दाढ." दोन्ही बाजूंच्या नेत्यांचे किडके दात तिने फुकटात पाहिले. पक्ष वेगळे होते. कीड सारखीच होती.

पहिल्या अधिवेशनाला निघताना आबांनी तिला एकच काम सांगितलं होतं. "पुलाची मागणी करायची. मी दर वर्षी करायचो. आपल्या घराची रीतच आहे ती." आणि आरामखुर्चीतल्या आरामखुर्चीत त्यांनी अख्खं भाषण पाठ म्हणून दाखवलं होतं. नदी दोन काठांना कशी तोडते, पलीकडच्या बायांना दवाखाना कसा गाठता येत नाही, पोरं शाळेला कशी मुकतात. बोलता बोलता त्यांचा आवाज दाटून आला होता. ऐकता ऐकता धाकटीचेही डोळे भरले होते. तिने ते भाषण जसंच्या तसं सभागृहात केलं. खांबामागून आवाज येतोय म्हणून बांधकाममंत्र्यांनी वाकून पाहिलं. मंत्रीही नवे होते, खातं नुकतंच मिळालं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात काहीतरी दणदणीत जाहीर करा, असं त्यांना वरून बजावण्यात आलं होतं. ते उठले आणि म्हणाले, "सन्माननीय सदस्यांची भावना लक्षात घेऊन हा पूल याच वर्षी हाती घेण्यात येईल." दोन नवखी माणसं भेटली आणि मुरलेल्यांना आयुष्यभर जे जमलं नव्हतं, ते चहाच्या सुट्टीआधी होऊन गेलं.

"आबा, तुम्हीच तर सांगितलंत," धाकटी म्हणाली. "शब्द न् शब्द तुमचा होता."

आबा बाल्कनीच्या दाराकडे बघत राहिले.

"भाषण करायला सांगितलं होतं," दादा म्हणाला. "पूल आणायला कुणी सांगितलं होतं?"

"भाषण कशासाठी करतात मग?"

मधला फस्सकन हसला. मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "दादा, तिला दुसरा अंक सांगितलाच नाही रे कुणी."

"कसला दुसरा अंक?"

शेवटी वहिनीने तोंड उघडलं. तिनेच बोलायला हवं होतं असं नाही; पण संधी वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. "अहो वन्सं, आबा सकाळी भाषण करायचे आणि संध्याकाळी मंत्र्यांच्या बंगल्यावर जायचे. सांगायचे, 'लोकांसाठी बोलावं लागतं, साहेब. पण यंदा घाई नको. जागेची माती एकदा तपासून घ्या.' की मंत्री माती तपासायला पाठवायचे. पुढच्या वर्षी परत भाषण. मग पाण्याची खोली. मग पुराची पातळी. मग मासे."

"मासे?"

"पुलाच्या सावलीने मासे बिथरतात का, याचा अभ्यास," मधल्याने खुलासा केला. "तीन मंत्र्यांची कारकीर्द निघाली त्यात."

धाकटी टेकली. खुर्ची मागे आहे की नाही हे न बघताच टेकली, नशीब होती. नदीत घरच्या लाँच चालतात, हे तिला ठाऊक होतंच. त्या लाँचवर ती शिकली, दवाखाना थाटला, हेही ठाऊक होतं. पण घरच्या लाँच आणि घरचं भाषण यांची कधी गाठ घालून बघावी, असं तिला सुचलं नव्हतं. आपण एवढ्या शिकलेल्या, आणि घरात राहून आपल्याला हे दिसलं नाही, याचा तिला आबांहून जास्त राग आला.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"मुलींना धंद्यातलं काय सांगायचं," दादा म्हणाला, आणि लगेच सूर बदलून तिच्या समोर येऊन बसला. रागावलेला दादा परवडायचा. गोड बोलणारा दादा महाग पडायचा. "हे बघ, झालं ते झालं. अजून काही हाताबाहेर गेलेलं नाही. बाल्कनीत जा, सगळ्यांचे आभार मान, आणि एकच वाक्य बोल. 'पूल व्हायलाच हवा, पण जागा कुठली याचा नव्याने अभ्यास व्हावा, अशी मी सरकारला विनंती करणार आहे.' संपलं. लोक टाळ्या वाजवतील. अभ्यास शब्दाला लोक नेहमी टाळ्या वाजवतात."

"आणि पलीकडच्या बाया? दवाखाना?"

"त्यांना लाँच आहे की!"

"सूर्य मावळला की नसते."

"मग लाँचवरच्या माणसांचा विचार कर," दादाने पवित्रा बदलला. "सुकाणूवाले, खलाशी, तिकीटवाले. त्यांच्या चुली विझवणार तू? एवढ्या गरिबांचे शाप घेणार?"

"दादा, गेल्या वर्षी त्यांनी पगार वाढवून मागितला तेव्हा तू त्यांना गरीब म्हणाला नव्हतास. माजलेत म्हणाला होतास."

आई कोपऱ्यातून खोकली. तिचा खोकला आणि हसू यांत फार अंतर नसायचं.

पण दादाचं म्हणणं धाकटीला लागलं होतं. त्या माणसांना ती लहानपणापासून ओळखत होती. भाषणात त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. आबांना तशी ओळ घालायची गरजच पडली नव्हती. "त्यांचं काय करायचं, मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण ते मी बघीन. त्यासाठी पूल थांबवणार नाही."

"म्हणजे आमचं वाटोळं झालं तरी चालेल," वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही तरी बोला काही. का नुसते बोटं चालवताय?"

मधल्याने मोबाइल खाली ठेवला. त्याचा चेहरा आज सकाळपासून पहिल्यांदाच उजळला होता. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "पूल झाला तर एवढं काय बिघडतं?"

दादा उठून उभा राहिला.

"नाही, म्हणजे पुलाला खडी लागते. वाळू लागते. माणसं लागतात. कुणीतरी ठेका घेणारच ना? मग बाहेरच्याने का घ्यावा? घरात आमदार आहे, आणि मी काही अगदीच..."

"तू!" दादाचा आवाज चढला. "कालपर्यंत लाँचमध्ये वाटा मागत होतास!"

"काल पूल नव्हता, दादा."

झालं. सकाळपासून एका सुरात रडणारं घर दोन सुरांत रडायला लागलं. दादाने मधल्याचं जुनं सगळं काढलं, मधल्याने दादाचं त्याहून जुनं काढलं. वहिनी आधी नवऱ्याच्या बाजूने बोलली. मग ठेक्यात आपल्या माहेरच्यांचीही सोय लागू शकते, हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती एकाएकी "दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे" असं म्हणू लागली. लग्न होऊन आल्यापासून तिने हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

"भाऊ," धाकटी मधल्याला म्हणाली, "पूल झाला तरी ठेका तुला मिळणार नाही. मी आमदार असेपर्यंत तर नाहीच."

"बघू," मधला शांतपणे म्हणाला. "नवी आहेस अजून."

हे वाक्य तिने गेल्या काही महिन्यांत इतक्यांदा ऐकलं होतं की ते आपलं आडनाव आहे, असं तिला वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात आबांच्या खुर्चीशेजारचा फोन वाजला. आबांचा हात सवयीने पुढे झाला. त्या खणखणीत, जुन्या आवाजात ते म्हणाले, "बोला, आमदार बोलतोय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आबांचा चेहरा किंचित उतरला. "हो. आहेत. देतो." त्यांनी फोन धाकटीपुढे धरला. "तुझा आहे."

फोन कुठल्याशा वर्तमानपत्राचा होता. "नंतर करते" म्हणून तिने तो ठेवला. ठेवताना आबांकडे पाहिलं. आबा शालीचं टोक नीट करत होते, जे आधीच नीट होतं.

"आबा, तुम्ही निकाल द्या," दादा म्हणाला. "तुमचा शब्द ती मोडणार नाही."

आबांनी घसा साफ केला. सभागृहात त्यांनी घसा साफ केला की मागचे बाक जागे व्हायचे, असं म्हणत. "पोरीची चूक नाही," ते म्हणाले. "तिला राजकारण शिकवायला मला वेळ मिळाला नाही. पण घर आधी. दादा म्हणतो तसं अभ्यासाचं बोल. एक वर्ष जाऊ दे. मग बघू काय करायचं ते."

"एक वर्ष," आई म्हणाली.

ती कधी बोलायची नाही असं नव्हतं, पण या खोलीत, या विषयावर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आई पलीकडच्या काठावरची होती. लग्न करून ती याच नदीतून, याच घराच्या लाँचमधून आली होती. तेव्हा तिचं तिकीट घेतलं नव्हतं, हे आबा अजून कौतुकाने सांगायचे.

"माझी आई गेली तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, जरा थांब, मग बघू," ती म्हणाली. हातातली लोकर तिने खाली ठेवली नाही.

"अगं, आता ते कशाला? पाणी चढलं होतं तेव्हा."

"पाणी पायरीच्या खाली होतं. मी याच खिडकीतून बघत होते."

"मग इंजिनाचं काहीतरी..."

"आधी पाणी, आता इंजिन." आईने एक गाठ सोडवली. "मी सांगते काय होतं ते. दुसऱ्या दिवशी मंत्री येणार होते, म्हणून लाँचला रंग दिला होता. रंग ओला होता. त्यावर पाय पडू नये, म्हणून कुणाला चढू दिलं नाही. मलाही नाही. मी इथे उभी राहिले आणि माझी आई तिकडे गेली." ती थांबली. "मंत्री कशाला येत होते, ते विचार यांना, धाकटे. पुलाची जागा बघायला येत होते."

वहिनीला बोलायला काही सापडलं नाही, आणि हा प्रसंग तिच्यासाठीही नवा होता. मधल्याने मोबाइल खिशात घातला. आबा एकदम फार म्हातारे दिसत होते.

धाकटीला आबांवर ओरडावंसं वाटलं. ओरडली असती तर तिचं मन मोकळं झालं असतं, आणि पूल मेला असता. आबा भांडणात कधी हरले नव्हते. हट्टाला पेटले असते, एका फोनवर मंत्र्याला गाठलं असतं. त्यांच्या ओळखी अजून जिवंत होत्या. रागाने त्यांच्याकडून काही निघणार नाही, हे तिला कळत होतं. दवाखान्यात ती रोग्याला 'कुठला दात दुखतो' असं विचारून थांबत नसे, कारण रोगी नेहमी चुकीचा दाखवतो. ती एकेका दातावर हलकेच टकटक करायची. खरा दात आला की रोगी आपणहून दचकायचा. मघाशी फोन पुढे करताना आबा दचकले होते.

ती उठली. "ठीक आहे," ती दादाला म्हणाली. "जाते बाहेर. बोलते."

"अभ्यास म्हणायला विसरू नको."

"नाही विसरत."

बाल्कनीचं दार उघडलं आणि आवाजाचा लोंढा आत आला. खाली माणसंच माणसं होती. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, शाळेच्या गणवेशातल्या मुली, कुबड्या घेऊन आलेला एक म्हातारा. बाजूला, थोडी वेगळी, लाँचवरची माणसं उभी होती. ती ओरडत नव्हती. धाकटीने त्यांच्याकडे पाहून हात वर केला. त्यांच्यातल्या एकाने, करावा की करू नये अशा बेताने, परत हात केला.

"मी मोठं भाषण करणार नाही," ती म्हणाली. "मला येतच नाही. सभागृहात मी जे बोलले, ते माझं नव्हतं. दादा म्हणतो, मी पुलाचा अभ्यास करायला हवा. बरोबरच आहे. या पुलाचा अभ्यास आपल्यात एकाच माणसाने आयुष्यभर केला. माती, पाणी, मासे, काही सोडलं नाही. मी फक्त निरोप पोचवला. ज्यांनी निरोप दिला, ते आत बसलेत. तब्येत बरी नाही, पण तुम्ही हाक मारली तर येतील. हा पूल त्यांचा आहे."

आतून दादाचा "अगं!" एवढाच आवाज आला. पुढचा गर्दीच्या गजरात बुडाला. "आबा! आबा! आबा!" पलीकडच्या काठाने एवढ्या प्रेमाने आबांना कधीच हाक मारली नव्हती, तशी वेळच आबांनी त्यांच्यावर आणली नव्हती.

धाकटी दारात वळली. आबा अजून आरामखुर्चीत होते. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि बोटं हळूहळू घट्ट होत होती.

"आबा, जाऊ नका," दादा म्हणाला. "गेलात की अडकलात."

"लोक उन्हात उभे आहेत," आबा म्हणाले. "बरं नाही दिसत."

"आबा, लाँच..."

"मला कळतं रे!" आबा गरजले. डॉक्टरांनी मनाई केलेल्या आवाजात गरजले. मग त्यांनी शाल बाजूला केली, केसांवरून हात फिरवला आणि उठले. महिनोन् महिने त्यांना जिना चढवायला दोन माणसं लागत होती. बाल्कनीपर्यंतचं अंतर ते एकटे चालले. धाकटीने दार धरलं. तिच्याकडे न बघता ते पुढे गेले.

आणि मग आबा बोलले. काय बोलले! नदी दोन काठांना कशी तोडते, इथपासून सुरुवात केली. सरकारं आली, सरकारं गेली, मंत्र्यांनी माती तपासली, माशांचं निमित्त केलं, पण हा म्हातारा हटला नाही, असं सांगितलं. कुठल्या मंत्र्याने कसा अडथळा आणला, हे इतक्या बारकाव्याने सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, हे स्वतः तिथे हजर होते. तसे ते होतेच. बायांच्या डोळ्यांना पदर लागले. आबांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि धाकटीला खात्री होती की ते खरं होतं. त्या घटकेला आबांचा स्वतःवर पूर्ण विश्वास बसला होता. शेवटी त्यांनी कठड्यावर मूठ आपटली. "आता या पुलाच्या आड जो येईल, त्याची गाठ माझ्याशी आहे! मग तो माझ्या घरचा का असेना!"

दादा मटकन सोफ्यावर बसला. मधला टाळ्या वाजवत होता. वहिनीने पुढे होऊन आबांसाठी पाण्याचा पेला भरून ठेवला, आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "तोंड जरा बरं करा. फोटो काढतायत खालून."

गर्दी पांगायला वेळ लागला. लोकांनी एका लहान मुलीच्या हाती आबांसाठी फुलांचा गुच्छ वर पाठवला. आमदारबाईंसाठीही एक होता, पण तो कुणीतरी आबांनाच दिला. संध्याकाळच्या बातम्यांत आबा होते. धाकटीचा एक खांदा तेवढा दिसला. वार्ताहराने सांगितलं की वयोवृद्ध नेत्याचा लढा सुफळ झाला असून पुलाला त्यांचंच नाव देण्याची मागणी जोर धरत आहे. दादाने टीव्ही बंद केला आणि पाय आपटत धक्क्यावर निघून गेला.

दिवस मावळता मावळता धाकटी दिवाणखान्यात आली तेव्हा आबा एकटेच होते. पुष्पगुच्छ दोन्ही मांडीवर होते. आवाज बसला होता, पण चेहरा तरतरीत दिसत होता. औषधांनी इतके महिने जे झालं नव्हतं, ते एका सभेने झालं होतं.

"बस," ते म्हणाले.

ती बसली. बाल्कनीतून नदी दिसत होती. शेवटची लाँच परतीला लागली होती, आणि तिच्यावर एवढी गर्दी होती की ती चालतेय की नुसतीच दबून राहिलीय, ते कळत नव्हतं.

"तुझ्या आईला दुपारपासून मी हाक मारतोय," आबा म्हणाले. "ऐकत नाही."

"ऐकते, आबा. ओ देत नाही."

त्यांनी मान हलवली. गुच्छातलं एक फूल सारखं केलं. "मी आता मंत्र्याला फोन करू शकत नाही. कळतंय ना तुला? अख्ख्या काठासमोर शब्द दिलाय मी."

"हो, आबा."

"तू मुद्दाम केलंस."

आबांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. समोरच्या बाकावरच्या माणसाला जोखताना बघायचे, तसं.

"चूकच झाली माझी," ते म्हणाले. "दादालाच उभं करायला हवं होतं."

"का?"

"तो मला एवढा ओळखत नाही."

जन्मापासून आजवर आबांकडून तिला मिळालेली ही पहिली शाबासकी होती. तसं तिने बोलून दाखवलं असतं, तर त्यांनी ती तिथल्या तिथे परत घेतली असती. म्हणून ती गप्प बसून राहिली.